बारा ते तीनची कॉफी

श्रोतेहो, नमस्कार. कॉफीचे दुकान म्हटले की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे महाविद्यालयीन मुलांचा संध्याकाळचा घोळका आणि खिशाला न पेलणारे दर उभे राहतात. मला आज बोलायचे आहे ते अशा दुकानातल्या दुपारच्या जेवणाविषयी. आणि दुकान म्हणजे बड्या कंपनीची शाखा नव्हे, तर एखाद्या मालकाने स्वतःच्या हिमतीवर चालवलेला एका गाळ्याचा व्यवसाय. तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत पेयासकट जेवण अगदी माफक पैशांत मिळू शकते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

ते माफक का असते? गिऱ्हाईक असो वा नसो, गाळ्याचे भाडे चुकत नाही, कॉफीचे यंत्र सकाळपासून तापलेलेच असते आणि कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार चालूच असतो. संध्याकाळपर्यंत रिकाम्या खुर्च्या बघत बसण्यापेक्षा थोड्या नफ्यावर एकच ताट लावावे, असा हा साधा हिशेब आहे. कॉफी आणि स्वस्त खाणे ही जोडी आपल्या देशात जुनीच आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा तिथल्या कामगारांनी 1957 पासून सहकारी संस्था काढून ‘इंडियन कॉफी हाउस’ चालवले आणि साध्या माणसाला तिथे बसून पोटभर खाता येऊ लागले.

आता जळगावातल्या ज्या दुकानात मी जातो तिथली एक हकीकत सांगतो. दुकान चालवणारी मुलगी पुण्यात हे काम शिकून आलेली आहे. दुपारच्या ताटात ती तुरीच्या डाळीची मसाला खिचडी, वर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे कच्च्या तेलाची धार, कढी, पापड आणि एक पेय देते. डाळमिलच्या गावात याहून शहाणा बेत कोणता असणार? गेल्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, रावेर तालुक्यात केळीची बाग असलेले माझे मामा कामानिमित्त जळगावात आले होते आणि त्यांना मी तिथे जेवायला नेले. खिचडी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. पेय म्हणून केळे घातलेली थंड कॉफी आली. मामांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि काही न बोलता ते थेट गल्ल्याकडे गेले. तिथल्या टोपलीतले एक केळे उचलून त्यांनी देठाजवळ दाबून पाहिले आणि विचारले, “पोरी, हे केयं कोठलं?”

मुलगी म्हणाली, “बाजारातून आणलंय, काका.”

मामांनी ते केळे तिच्यासमोरच मोडले. साल पिवळीजर्द होती, देठ मात्र हिरवागार होता आणि गराचा मधला भाग कच्चा, दडस निघाला. मग भर दुपारी त्या गल्ल्यापाशी उभे राहून त्यांनी तिला सांगितले की कार्बाइडने घाईत पिकवलेले केळे असेच असते, त्याला कायद्याने बंदी असली तरी चोरून कोणीतरी ते करतोच, आणि असे केळे गोड लागत नाही म्हणूनच तिला पेल्यात दोन चमचे साखर घालावी लागते. सालीवर तपकिरी ठिपके पडू लागले की आतल्या पिठाची साखर झालेली असते. पेयासाठी तेच फळ घ्यावे. गिऱ्हाईक ज्या ठिपकेवाल्या केळ्याला नाक मुरडते तेच सर्वांत गोड, हे त्यांनी तिला दोनदा ऐकवले; श्रोतेहो, मीही तुम्हाला दोनदा ऐकवतो, ठिपकेवाले केळेच सर्वांत गोड. (जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच जळगावात लग्नाच्या पंगतीत डब्यातले परदेशी फळ वाढतात, याला काय म्हणावे ते मला कळत नाही.)

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. घडाच्या खालच्या टोकाच्या फण्या लहान राहतात, त्या खोक्यात भरायला चालत नाहीत आणि वेफर्सवाल्याला मातीमोल भावाने द्याव्या लागतात. मामांनी त्या फण्या तिला द्यायचे कबूल केले. वेफर्सवाला देतो त्याच्या दुप्पट भाव तिने द्यायचा, आणि तरीही तिला ते केळे बाजारापेक्षा स्वस्तच पडायचे. कच्च्या फण्या गोणपाटात गुंडाळून त्यात एक पिकलेले फळ ठेवायचे, म्हणजे त्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बाकीच्या फण्या आपोआप पिकतात, हेही त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले. पुढच्याच आठवड्यात दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले दिसले : ‘केळी-कॉफी, साखर नाही’, आणि किंमत वीस रुपयांनी उतरलेली. मामांना कॉफी मात्र शेवटपर्यंत आवडली नाही. त्यांच्यासाठी तिने दरपत्रकात नसलेला आल्याचा चहा मागच्या शेगडीवर उकळून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

बड्या कंपनीच्या दुकानात हे घडले नसते, कारण तिथे काय घालायचे आणि किती घालायचे हे दूरच्या कार्यालयात ठरते आणि गल्ल्यावरच्या मुलाला त्यात चिमूटभर साखर कमी करण्याचाही अधिकार नसतो. मालक समोर उभा असलेल्या दुकानात मात्र कमी गोड, जास्त कडक, अर्धे ताट असे काहीही मागता येते, आणि ते मागायला संकोच करू नये.

वेळ संपत आली आहे, म्हणून दोन गोष्टी भरभर सांगतो. कॉफी कोमट आहे म्हणून ती परत पाठवू नका. यंत्राच्या वाफेवर दूध साधारण 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्यापलीकडे त्याची गोडी जाऊन जळका वास येतो. आपल्याला उकळत्या चहाची सवय आहे, त्याला त्या दुकानदाराचा इलाज नाही. (कागदी पेल्यात गरम पेय देणाऱ्याला मात्र मी जरूर बोल लावतो, काचेचा पेला धुवायला कितीसे पाणी लागते?) दुसरी गोष्ट जेवणाची. चहा असो की कॉफी, ती घासाबरोबर घेतली तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. म्हणून ताट मागवतानाच सांगून ठेवावे की पेय तासाभराने आणा. बारा ते तीनच्या वेळात तुम्हाला टेबलावरून उठवायची घाई कोणालाही नसते. नमस्कार.