बाबा, फर्लो परत कधी येणार?

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा. सेक्रेटरी वहिनींनी मला "आपले सण आणि पुढची पिढी" असा विषय दिला होता. मी तयारीपण केली होती, दोन पानं लिहून खिशात आहेत, पण ती आता खिशातच राहणार. वहिनी, सॉरी.

झालं काय, गेल्या रविवारी नाश्त्याला बसलो होतो. लेक माझी अकरा वर्षांची. पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढता काढता म्हणाली, "बाबा, फर्लो परत कधी येणार?" फर्लो म्हणजे लॉकडाऊनमधली ती घरी बसून पगाराची रजा, आणि विचारलं कसं, तर गणपती कधी येणार विचारतात ना, अगदी तसं. मी हसलो. बायको नाही हसली. तिने चहाचा कप ठेवला, उठून गेली, आणि मग आमच्याकडे दुपारपर्यंत जे वाजलं ते शेजारच्या पंजाबी काकूंनापण कळलं असणार, मराठी येत नसूनही.

पाच वर्षं झाली. तुम्हाला आठवतं ना, २३ मार्च २०२०, सोमवारी रात्री इथले तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर येऊन घरात बसा म्हणाले आणि बुधवारी पाडवा. आमची गुढी मॉपच्या दांड्याची होती. कडुलिंब कुठून आणणार, फ्रीजरमधला कढीपत्ता बांधला. गाठी नाही म्हणून लेकीने जेलीबेबीजची माळ केली आणि ती गुढी उतरायच्या आधीच संपवली.

मी तेव्हा विमानांना जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो. विमानंच उडेनात तर जेवणार कोण? ईमेल आला, तुम्ही फर्लोवर. पगाराच्या ८० टक्के सरकार देणार, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, आणि अट एकच, कंपनीचं काडीचंही काम करायचं नाही. पंधरा वर्षं ज्या माणसाने रविवारीसुद्धा मॅनेजरचा फोन उचललाय त्याला सांगतायत की ईमेलला उत्तर दिलंस तर नियम मोडशील. पहिले दोन आठवडे मी पहाटे साडेपाचला उठून दाढी करायचो आणि सोफ्यावर बसायचो. कशासाठी, माहीत नाही. इथे लंडनला, हीथ्रो विमानतळाशेजारी हाउन्सलोत, आमच्या डोक्यावरून दीड-दोन मिनिटाला विमान जातं, त्या आवाजात आम्ही झोपतो, जेवतो, भांडतो. तो आवाज गेला आणि मला झोपच येईना.

सांगलीला फोन केला तर बाबांना सांगितलं, वर्क फ्रॉम होम चालू आहे. चक्क खोटं. पाच महिने रेटलं, शेवटी गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरती झाल्यावर लेकीनेच फोडलं, "आजोबा, बाबा फर्लोवर आहे." बाबा एसटीतून रिटायर झालेले, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. म्हणाले, "फर्लो? ती तर येरवड्यातल्या कैद्यांना मिळते." मी समजावलं की बाबा, तिकडे फर्लोवर कैद्याला घरी सोडतात, इकडे फर्लोवर माणसाला घरात कोंडतात. मग ८० टक्क्यांचं सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "मग मानही ऐंशी टक्केच खाली घाल."

आता लेकीच्या बाजूने बघा. सहा वर्षांची पोर, शाळा बंद, आणि जो बाबा तिला फक्त झोपलेली बघायचा तो अख्खा दिवस तिच्या ताब्यात. सकाळी नऊला यूट्यूबवर व्यायाम शिकवणाऱ्या जो विक्सबरोबर उड्या. दिवसाला एकदाच व्यायामाला बाहेर पडायची परवानगी, ती आम्ही हाउन्सलो हीथच्या माळावर वसूल करायचो, तिथे आम्हाला पहिल्यांदा पक्ष्यांचा आवाज ऐकू आला, आणि ती मला विचारायची हा कोण ओरडतोय, आणि मी आत्मविश्वासाने सांगायचो, भारद्वाज. भारद्वाज इंग्लंडमध्ये नसतो हे मला नंतर कळलं. आट्याची पोती दुकानातून गायब झालेली, मिळेल त्या मैद्याच्या पोळ्या. गोल लाटता येईनात म्हणून मी सुरीने कडा कापून चौकोनी करायचो. ती अजून मागते. "ती स्क्वेअरवाली पोळी कर ना." दिवसभर मराठीच, कारण समोर इंग्लिश बोलायला कोणी नव्हतंच. तिच्यासाठी तो सुवर्णकाळ आहे हो.

आणि बायको? ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तुम्हाला माहितीये ती. मी सोफ्यावर दाढी करून बसलेलो असताना ती बारा-बारा तास सॅम्पल तपासत होती. घरी आली की दारातच कपडे काळ्या पिशवीत, सरळ शॉवर, सरळ छोट्या खोलीत. सात आठवडे लेकीला जवळ घेतलं नाही. लेक चित्रं काढून दाराच्या फटीतून आत सरकवायची, इंद्रधनुष्य, रोज इंद्रधनुष्य. गुरुवारी रात्री आठला सगळ्यांबरोबर हॉस्पिटलवाल्यांच्या कौतुकासाठी आम्ही बापलेक दारात उभं राहून ताट वाजवायचो, एकदा नाईटहून येऊन झोपलेली ती खिडकी उघडून म्हणाली, "ताट वाजवू नका, घासा."

म्हणून रविवारी ती म्हणाली, "तुमच्या दोघांची सुट्टी होती ती. मी घरात नव्हतेच." यावर मी जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. चूक माझी होती.

आता थोडं तुम्हालापण. तेव्हा आपली झूमवर अंताक्षरी व्हायची, आठवतंय? चाळीस खिडक्या, अर्ध्या म्यूटवर, एका काकांचं फक्त कपाळ. सगळे विचारायचे काय चाललंय, सगळे सांगायचे वर्क फ्रॉम होम, फार बिझी. मीपण सांगायचो, मागे पुस्तकांचं कपाट लावून. या देशात त्या स्कीमखाली १ कोटी १७ लाख नोकऱ्या आल्या, आणि आपल्या मंडळात म्हणे एकही नाही! नंतर एकेकाशी चहा पिताना कळलं, त्या चाळीस खिडक्यांत निदान चार तरी माझ्यासारखे होते. आपण अडकलेल्या स्टुडंट मुलांना डबे दिले, चांगलं केलं, पण एकमेकांना मात्र "तुझी नोकरी आहे का रे" एवढं विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. स्नेहसंमेलनात नवीन गाडी दाखवायला आपण पुढे, आणि हे सांगायला जीभ टाळूला चिकटते. आजही इथे कोणीतरी असेल. बटाटेवड्याच्या रांगेत त्याला पगार विचारू नका, प्लीज.

सप्टेंबर २०२१ ला स्कीम संपली आणि माझी नोकरीपण. आता दुसरीकडे आहे, पगार बरा आहे, सकाळी सहाला निघतो, रात्री आठला येतो. लेकीशी बोलतो ते बहुतेक इंग्लिशमध्ये, आणि बहुतेक "होमवर्क झालं का" एवढंच. विमानं पुन्हा दीड मिनिटाला. मला झोप छान लागते.

आणि ती विचारते परत कधी येणार. मी काय सांगू? येऊ नये म्हणावं तर ती समजते की मला तिच्याबरोबर घरी राहायचं नाही. यावी म्हणावं तर शेजारी तिची आई बसलेली असते. आज गाडीत परत विचारलं तिने. मी म्हटलं, मंडळात जाऊन आल्यावर सांगतो. ती बघा, तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी, दोघी माझ्याकडेच बघतायत.

वहिनी, माझी दहा मिनिटं झाली असतील ना?