पाण्याचा भार नेमका कुठे पडतो?

पाणी भरणाऱ्या बायकांचे कष्ट म्हटलं की आपल्याला डोक्यावरचा हंडा दिसतो. मग चर्चा लगेच हंड्याऐवजी काय वापरावं याकडे वळते. मी तुम्हाला आधी रहाटाकडे, म्हणजे विहिरीवर टांगलेल्या दोराच्या चाकाकडे, बघायला सांगेन. माणशी वीस लिटर धरले तर पाच जणांच्या घराला रोज शंभर लिटर पाणी लागतं. आडातून ते काढायचं म्हणजे आठ-नऊ पोहरे. वाट चालायला लागण्याआधीच बाईचे हात भरून येतात, ते इथे.

बारा लिटरचा भरलेला पोहरा, त्याचं स्वतःचं वजन आणि ओला दोर मिळून साधारण चौदा किलो होतात. चाक हे वजन कमी करत नाही. वर ओढायचं ते खाली ओढायला लावतं, एवढंच. चाक मोकळं फिरत असेल तर चौदाऐवजी पंधरा किलोंचा जोर लागतो. पण गंजून अडकलेल्या चाकावर दोर नुसता घासत सरकतो, आणि तेच चौदा किलो ओढायला तीस ते छत्तीस किलोंचा जोर लावावा लागतो. दुपटीहून जास्त! गावात गेलात की एक करून बघा. चाकावर खडूने खूण करा आणि कुणाला तरी पोहरा ओढायला सांगा. खूण जागची हलली नाही, तर त्या विहिरीवर रोज दुप्पट कष्ट चाललेत.

उपाय स्वस्त आहे. वीस मिलिमीटरच्या आसावर रबरी सील असलेलं ६२०४ नंबरचं बॉल बेअरिंग दोन्ही बाजूंना बसवा. सील हवंच. उघड्या बेअरिंगमध्ये पाणी आणि धूळ शिरते आणि ते लवकर करकरायला लागतं. चाक निदान दीडशे मिलिमीटर व्यासाचं घ्या, कारण लहान चाकावर घर्षण जास्त जाणवतं आणि दोर तीव्र वळून लवकर तुटतो. चाकाची खाच दोरापेक्षा थोडी रुंद ठेवा, नाहीतर दोर कडेला चढून आस आणि चौकटीच्या मधे अडकतो. दोर चौदा-सोळा मिलिमीटर जाडीचा असावा. बारीक नायलॉनचा दोर स्वस्त पडतो, पण ओल्या तळव्यांना कापतो. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. ज्या वाशाला चाक टांगलंय त्याच्यावर पोहऱ्याचं वजन आणि ओढणारीचा जोर, दोन्ही येतात. म्हणजे मोकळ्या चाकालाही तीस किलोंच्या आसपास, आणि वर झटके वेगळेच. वाळवी लागलेला वासा आधी बदला.

आता खटक्याबद्दल. गुजरातमधल्या जुनागढ जिल्ह्यातल्या पिखोर गावचे अमृतभाई अग्रावत यांनी विहिरीच्या चाकाला दोर अडवून धरणारा खटका बसवला. पोहरा अर्ध्यावर आला आणि दम लागला तर हात सैल सोडता येतो, पोहरा खाली जात नाही. गरोदर बाईला किंवा म्हातारीला यातून जे मिळतं त्याचं मोल फार मोठं आहे. खटक्याच्या चाकात चूक होते ती दोराच्या बाबतीत. झिजून बारीक झालेला किंवा शेवाळलेला दोर खटक्यात घसरतो. म्हणून दोर बदलला की पहिला भरलेला पोहरा हातभर वर ओढून थांबा, खटका धरतोय याची खात्री करा, मग पुढे ओढा.

हापशाचं मोजमाप सोपं आहे. इंडिया मार्क टू या हापशाचा सिलिंडर ६३.५ मिलिमीटर व्यासाचा आणि त्यात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटरची. म्हणजे पूर्ण चाळीस हापशांत पंधरा लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. बारा लिटरपेक्षा कमी आलं तर दट्ट्याचे वॉशर गेलेत असं समजा. पहिलं पाणी यायलाच सकाळी वीस-पंचवीस हापसे मारावे लागत असतील, पण नंतर धार नीट पडत असेल, तर रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरतंय. तळाची झडप किंवा पाइपाचा सांधा बघा. याच हापशाच्या मार्क थ्री या पुढच्या प्रकारात ६५ मिलिमीटरच्या रुंद पाइपातून दट्ट्या वरूनच काढता येतो, तिकाटणं लावून सगळा पाइप उपसावा लागत नाही. वॉशर गावातल्या दोघांना बदलता येतात. मात्र पाइपच काढायची वेळ आली तर तो जास्त जड असतो.

भरलेला हंडा जमिनीवरून डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. त्यासाठी विहिरीच्या काठाशी छातीइतक्या उंचीचा कट्टा बांधा. रिकामा हंडा आधीच कट्ट्यावर ठेवायचा आणि अर्ध्या-अर्ध्या पोहऱ्याने भरायचा. चुंबळ डोक्यावर ठेवून, थोडं वाकून हंडा सरकवून घेता येतो.

राहिला ढकलता येणारा ड्रम. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेत आलेल्या हिप्पो रोलरमध्ये नव्वद लिटर पाणी मावतं. ड्रमच चाक होतो आणि लोखंडी दांड्याने तो पुढे ढकलायचा. सपाट, कोरड्या वाटेवर हे साधन उत्तम. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या वाटेवर मात्र वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे पाणी आणि ड्रम मिळून दहा किलोंच्या आसपास, जास्तीचा जोर लागतो आणि उतारावर तेवढाच ड्रम अंगावर ओढतो. कोकणातल्या पायऱ्यांच्या वाटेवर तो चालणार नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात चालेल, पण पावसाळ्यात काळ्या मातीचे थर त्याला चिकटतील. घेण्याआधी ड्रम घेऊन सगळी वाट एकदा चालून बघा. घरी पोहोचल्यावर एवढा जड ड्रम कुणी उचलून ओतू शकत नाही. त्यामुळे स्वच्छ नळीने पाणी खालच्या भांड्यात उतरवून घ्यायचं. ड्रम उतरत्या कडेच्या वीतभर उंच ओट्यावर ढकलून चढवला आणि भांडं त्याच्या खाली ठेवलं तर धार नीट लागते. वाटेवरची माती टोपणाभोवती साचते, म्हणून उघडण्याआधी ते धुवून घ्या.