घाम येतो, पण वाळतो का?

मंडळी, १७७४ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी शेगडी पेटवून एक खोली तापवली. शेवटी शेवटी आतली हवा १२७ अंश सेल्सिअसच्या घरात गेली. चार्ल्स ब्लॅग्डेन हे तरुण डॉक्टर त्या खोलीत शिरले आणि आठ मिनिटं थांबून धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी वीसएक मिनिटांत कडक झाली, मांसाचा तुकडा शिजून वाळून गेला. पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत बसवून नेलेला कुत्राही सुखरूप परतला.

हा किस्सा बरेच जण सांगतात. पण त्याच प्रयोगातलं एक भांडं सहसा कोणी सांगत नाही. ब्लॅग्डेननी आत साध्या पाण्याचं एक भांडं ठेवलं होतं. भोवतालची हवा उकळबिंदूच्या वर, तरी तासभर झाला तरी पाणी उकळेना. मग पाण्यावर तेल सोडलं, आणि ते उकळायला लागलं. तेलाच्या थरानं वाफ अडवली, एवढंच झालं होतं. वाफ होऊन जाणारं पाणी मागे उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माणसाच्या कातडीवर नेमकं हेच चालतं, आणि ते अडलं की काय होतं यावर मला आज मुख्यतः बोलायचं आहे.

आधी थोडा हिशेब करू. आपण नुसते बसलो तरी शरीरात सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता तयार होत असते. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचं तापमान तासाला साधारण दीड अंशानं चढेल. घमेलं उचलणाऱ्या, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या माणसाच्या अंगात याच्या चौपट-पाचपट उष्णता निर्माण होते. हवा गार असेल तर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरीचशी उष्णता तशीच निघून जाते. पण कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास आणि बाहेर बेचाळीस असेल, तर उलट बाहेरचीच उष्णता आत येऊ लागते. मग एकच वाट उरते, ती घामाची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत आणि भर उन्हात राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. या बाबतीत आपली बरोबरी करणारे प्राणी फार थोडे आहेत.

मात्र मी ‘वाळला तर’ म्हणालो, ते नीट ऐका. टपटप खाली गळलेला घाम काहीही थंड करत नाही. त्यातलं पाणी जातं, मीठ जातं, उष्णता जागच्या जागी राहते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात कूलर छान चालतो आणि मुंबईत त्याच कूलरनं खोली नुसती दमट होते, त्याचं कारण हेच. हवेत आधीच ओल भरलेली असली की आणखी वाफ मावत नाही. म्हणून बातम्यांत फक्त तापमानाचा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात भर दुपारी तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी दहाहून जास्त माणसं उष्माघातानं दगावली. त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपास होता. विदर्भातला माणूस म्हणेल, अडतीस म्हणजे काय विशेष! पण डोक्यावर ऊन आणि हवा समुद्रकाठची, दमट. ही माणसं वाचवता आली असती, असं मला मनापासून वाटतं आणि ते मला अजूनही सलतं.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकावर जो आकडा येतो, त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. तो पस्तीसवर गेला तर निरोगी माणूस सावलीत पंख्याखाली बसला तरी काही तासांत संपेल, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण, धडधाकट लोकांवर चाचण्या झाल्या, तेव्हा शरीराच्या तापमानाचा तोल त्याच्या बराच खाली, एकतीसच्या आसपासच, ढळताना दिसला.

प्राण्यांची गोष्ट वेगळी. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. तो धापा टाकून जीभ, तोंड आणि नाकातली ओल उडवतो. एरवी मिनिटाला तीसेक असणारे श्वास तीनशेवर जातात. म्हैस याहून अडचणीत असते. कातडी काळी, केस विरळ, आणि घर्मग्रंथी गाईच्या मानानं दहावा हिस्सा. म्हणून ती डबक्यात बसते आणि चिखल अंगावर घेऊन बाहेर येते. तो चिखल सावकाश वाळतो, त्यामुळे नुसत्या पाण्यापेक्षा गारवा जास्त वेळ टिकतो. डबकं नसेल तर गोठ्यात दुपारी म्हशींच्या अंगावर पाणी मारावं लागतं, नाहीतर चारा खाणं कमी होतं आणि दूध उतरतं.

उंटानं तर पाणी खर्चायचंच टाळलं आहे. नूट श्मिट-नील्सन या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात सहारात उंटांचा अभ्यास केला. तहानलेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी चाळीसच्या वर चढतं. दिवसभराची उष्णता तो अंगात साठवतो आणि रात्रीच्या थंडीत फुकट सोडून देतो. त्यात दिवसाला पाचेक लिटर पाणी वाचतं. त्यांनी एका उंटाची लोकर कातरून पाहिली, तर त्याचा पाण्याचा खर्च निम्म्यानं वाढला. अंगावरची जाड लोकर उन्हाला आडवी येते.

आता एक गोष्ट दवाखान्यातली. ताप आणि उष्माघात या दोन्हींत थर्मामीटर चढलेला दिसतो, पण आत चाललेलं अगदी उलट असतं. तापात मेंदूतलं हायपोथॅलॅमस, म्हणजे तापमान सांभाळणारं केंद्र, स्वतःच ठरवतं की आता ३७ नको, ३९ हवेत. म्हणून हुडहुडी भरते, गोधडी मागतो आपण. पॅरासिटामॉल ते ठरवलेलं तापमान खाली आणतं. उष्माघातात मेंदूला ३७च हवे असतात, शरीराला ते जमत नसतं. तिथे पॅरासिटामॉल काहीच करू शकत नाही. माणूस उन्हातून आला, अंग चटके बसावं इतकं तापलंय आणि तो असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, तर गोळी शोधत बसू नका. अंग कोरडंच असेल असंही नाही. काम करता करता उष्माघात झालेला माणूस घामानं निथळत असू शकतो. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा. मान, काख, जांघ इथे बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि कामावर माणसं ठेवणाऱ्यांसाठी. उन्हाची सवय लागते, हे खरं. पण ती लागायला एक ते दोन आठवडे जातात. त्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो आणि त्यातून मीठ कमी जातं. गावी सुट्टीवर जाऊन काही आठवड्यांनी परतलेल्या मजुराची ही सवय बरीच मोडलेली असते. त्याला पहिल्या दिवशी बारा वाजता स्लॅबवर चढवू नका. दोन-तीन तासांपासून सुरुवात करा आणि रोज थोडं वाढवा.