नथ शार्प, डोळे सॉफ्ट

दृश्य: ठाण्याच्या नौपाड्यातलं एक मंगल कार्यालय. सनईचा आवाज हळूहळू कमी होतो.

निवेदन:

गुरुजींचं शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. नवरीनं मान वर केली आणि नेमकं तेव्हाच शटर वाजलं. कॅमेऱ्यामागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. रात्री घरी कॉम्प्युटरवर तोच मोठा केला, की नथीतला एकेक मोती मोजून घ्यावा असा स्वच्छ, आणि डोळे मात्र धुरकट.

ठाण्यात लग्नाचं काम करणाऱ्या कुणालाही हा फोटो दाखवा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लेन्स सॉफ्ट आहे."

लेन्स सॉफ्ट, म्हणजे फोटो धुरकट काढणारी, असू शकते. पण बहुतेक वेळा फोटोत शार्पनेस असतो, फक्त तो हवा तिथे पडलेला नसतो. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या (म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक खूप मोठं उघडणाऱ्या) लेन्सबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात.

मुळात अशी लेन्स लागते कशाला? कार्यालयातला झगमगाट आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो तुटपुंजा पडतो. एफ ४ अ‍ॅपर्चरवर शटर १/३० सेकंद उघडं ठेवावं लागत असेल, तर अक्षता टाकणारे हात नुसते फराटे होऊन येतात. त्याच उजेडात एफ १.४ वर (आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं) आठपट प्रकाश आत येतो आणि शटर १/२५० पर्यंत नेता येतं. फ्लॅश न उडवता, समईचा उजेड समईसारखा ठेवून फोटो निघतो. गडकरी रंगायतनात नाटकाचे फोटो काढणाऱ्यांना तर दुसरा इलाजच नाही, तिथे फ्लॅश उडवला की विंगेतून कुणीतरी डोळे वटारणारच.

या प्रकाशाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते.

दृश्य: टेबलावर ८५ मिमी लेन्स, समोरून. भोक लहानमोठं करणारी पाती पूर्ण उघडी.

निवेदन:

एफनंतरचा आकडा म्हणजे साधा भागाकार. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिमीला, त्या आकड्यानं भागलं, की समोरून दिसणाऱ्या उघड्या भोकाचा व्यास मिळतो. ८५ भागिले १.२ म्हणजे जवळजवळ ७१ मिमी, सात सेंटिमीटरहून थोडं जास्तच. एवढ्या रुंद काचेतून आलेले किरण सेन्सरवर, म्हणजे फोटो उमटतो त्या पट्टीवर, फार तिरक्या कोनातून एकत्र येतात. वस्तू जागेवरून जराशी पुढेमागे झाली, की बिंदूचा लगेच ठिपका होतो.

आकड्यात सांगायचं तर फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी, एफ १.२, नवरी दीड मीटरवर. फोटोत शार्प दिसणारा थर सुमारे २ सेंटिमीटर. एक पुढे, एक मागे. आणि हा हिशेबही जुन्या, सढळ मापाचा आहे, सेन्सरवरचा ०.०३ मिमीचा ठिपका 'बिंदू' मानून केलेला. आजच्या ४५ मेगापिक्सेलच्या फाइलवर झूम करून बघणाऱ्याला एवढाही थर मिळत नाही.

आता नवरीचा चेहरा बघा. नथ डोळ्यांच्या तीनेक सेंटिमीटर पुढे. त्यात मुंडावळ्या, कानशिलांवरून लोंबणाऱ्या, सतत हलणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र मोत्यांच्या. ऑटोफोकसला ठळक कडा हव्या असतात. काळ्या केसांपुढे पांढरा मोती, याहून ठळक काय असणार? काजळ घातलेला डोळा बिचारा त्यामानानं सौम्य. कॅमेरा मोत्यावर जातो, बीप देतो, आणि त्याच्या दृष्टीनं त्यानं काम चोख केलेलं असतं.

दृश्य: कार्यालयाच्या मागच्या खोलीत फोटोग्राफर आणि त्याचा मदतनीस, लॅपटॉपवर फोटो बघताना.

मदतनीस: "पण दादा, बीप वाजली होती."

फोटोग्राफर: "वाजली रे. कशावर वाजली ते बघ ना."

निवेदन:

दुसरी गंमत फ्रेम जुळवताना होते. मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस घ्यायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून चेहरा फ्रेमच्या कडेला न्यायचा. फिल्मच्या काळापासूनची सवय. पण फोकस असतो एका सपाट पातळीवर, आणि कॅमेरा वळला की ती पातळीही वळते. दीड मीटरवरून १५ अंश वळलात तर ती पातळी डोळ्याच्या ५ सेंटिमीटर मागे जाते. आपला थर होता दोन सेंटिमीटरचा. मग कानातल्या कुड्या शार्प येतात, डोळे गेलेले. एफ ८ वर ही सवय आयुष्यभर खपून जाते, एफ १.२ वर पहिल्याच फोटोत उघडी पडते.

म्हणजे लेन्स अगदी निर्दोष? तसंही नाही.

दृश्य: टेबलावर तिरकी ठेवलेली फूटपट्टी. कॅमेरा ट्रायपॉडवर. फोकस १५ च्या रेघेवर.

निवेदन:

ही शाळेतली फूटपट्टी. पंधराच्या रेघेवर हातानं फोकस घेतला आहे, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. रेघ स्पष्ट आहे, पण नीट बघा, तिच्याभोवती हलकं तेज पसरलंय. दुधी काचेतून पाहावं तसं. आता फोकसच्या रिंगला हात न लावता अ‍ॅपर्चर २ वर नेलं. तेज गेलं, पण सगळ्यात शार्प रेघ आता पंधरा राहिली नाही. ती पुढच्या आकड्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब सरकली. २.८ वर आणखी थोडी.

गोलाकार घासलेल्या काचेच्या कडेतून आलेले किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडेच एकत्र येतात. याला स्फेरिकल अ‍ॅबरेशन म्हणतात. उघड्या अ‍ॅपर्चरला दोन्ही प्रकारचे किरण असतात, म्हणून रेघ स्पष्टही दिसते आणि तिच्याभोवती तेजही पसरतं. पाती मिटली की कडेचे किरण अडतात, उरलेले मधले किरण थोडं मागे जुळतात, आणि समोरची फोकसची पातळी कॅमेऱ्यापासून दूर जाते. यालाच फोकस शिफ्ट म्हणतात.

कॅननची २००६ साली जाहीर झालेली ईएफ ५० मिमी एफ १.२ एल जवळच्या अंतरावर याच गोष्टीसाठी ओळखली जाते. झाइसच्या, रेंजफाइंडर प्रकारच्या कॅमेऱ्यांसाठीच्या सी सोनार ५० मिमी एफ १.५ चंही तेच. दोन्ही लेन्सवर जीव टाकणारे लोक आहेत, आणि ते वेडे नाहीत. हे जे तेज पसरतं ना, ते चेहऱ्यावर सुरेख दिसतं. माझं मत विचाराल तर वधूच्या क्लोजअपसाठी चाचणीत अव्वल येणाऱ्या लेन्सपेक्षा अशी थोडी 'वाकडी' लेन्स बरी. सासूबाईंच्या अल्बममध्ये त्वचेवरचं एकेक छिद्र कोण मागतंय?

फोकस शिफ्टनं गोची होते ती एफ २ ते एफ ४ च्या मधे. पुढे ५.६ वर थर इतका जाड होतो, की सरकलेली पातळीही त्यात सामावते.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात यावर आणखी एक भर. तिथे फोकस बघणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या पेटीच्या तळाशी. मुख्य आरशामागचा छोटा आरसा प्रकाश खाली वळवतो आणि तो सेन्सर फोकस ठरवतो. फोटो उमटतो मागच्या सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत केसाएवढा फरक पडला, तरी प्रत्येक फोटो पुढे किंवा मागे बसणार. शिवाय त्या तळातल्या सेन्सरचे सगळ्यात चांगले पॉइंटसुद्धा साधारण एफ २.८ एवढ्या खिडकीतूनच बघतात. एफ १.२ च्या कडेचे किरण त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढणार, आणि फोकस ठरवणार त्या कडेला न बघणारा.

डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडरही तसाच फसवतो. डीएसएलआरमधली उजळ काच एफ २.५ किंवा २.८ च्या आसपासचा शार्प थर दाखवते. तुम्हाला सगळं शार्प दिसतं, फोटोत नसतं. हातानं फोकस करणारे यातच हरतात.

म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांच्या बॉडींमध्ये फोकस बारीक सरकवायची सोय आहे. कॅनन त्याला मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतं, निकॉन फाइन ट्यून, दोन्हीकडे उणे २० ते अधिक २०. उपयोगी सोय, पण एका अंतरावर बसवलेला आकडा दुसऱ्या अंतरावर लागू पडेलच असं नाही. उजेडाचा रंग बदलला तरी फरक पडू शकतो. सकाळी खिडकीच्या प्रकाशात जुळवलेली लेन्स संध्याकाळी रिसेप्शनच्या पिवळ्या दिव्यांखाली किंचित पुढेमागे जाते, कारण काच सगळे रंग एकाच ठिकाणी आणत नाही.

दृश्य: पैठणीचा पदर, अगदी जवळून.

निवेदन:

हा दोष उघड्या डोळ्यांनी बघायचा असेल तर जरीकाम घ्या. फोकसच्या पुढच्या जरीला जांभळट कड, मागच्या जरीला हिरवी. पदर एकाच रंगाचा, फोटोत दोन छटा. एडिटिंगमध्ये ही कड पुसता येते, पण पदर मुळातच जांभळा असेल तर पुसणार काय आणि ठेवणार काय?

दृश्य: दिवाळीची पहाट, तलावपाळी. मासुंदा तलावाच्या काठावर गर्दी, झाडांवर दिव्यांच्या माळा.

निवेदन:

दिवाळी पहाटेला राम मारुती रोड ते तलावपाळी नुसती गर्दी. नवे कपडे, सेल्फी, अजून पुरतं उजाडलेलं नाही. फास्ट, म्हणजे एवढं मोठं भोक उघडणाऱ्या, लेन्सला याहून चांगली परीक्षा नाही. मागच्या दिव्यांचे फ्रेमच्या मध्यभागी गोल गरगरीत ठिपके होतात, कडेला मात्र त्यांचे लिंबाच्या फोडीसारखे आकार होतात, कारण तिरक्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सची नळीच थोडी अडवते. आणि तलावापलीकडच्या दिव्यांवर फोकस घेतलात, तर कोपऱ्यातल्या दिव्यांना पंख फुटतात. या दोषाचं नाव कोमा.

हे पंख घालवण्यासाठी लेन्सवाल्यांनी बरीच मेहनत घेतली आहे. लायकानं १९६६ मध्ये नॉक्टिलक्स ५० मिमी एफ १.२ आणली, तिच्यात नेहमीच्या गोलाईपेक्षा वेगळ्या वळणाची काच होती. निकॉनची १९७७ ची नॉक्ट-निक्कॉर ५८ मिमी एफ १.२ तर रात्रीच्या दिव्यांसाठीच, पुढची काच हातानं घासून घडवलेली. आता अशा काचा साच्यात तयार होतात, म्हणून नव्या लेन्समध्ये हे दोष खूपच कमी आढळतात.

मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी बाकीची बरीच डोकेदुखी संपवली. फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, दोन वाटांची भानगड नाही, डोळा ओळखून कॅमेरा त्याच्या मागे राहतो. काही कॅमेरे फोटो ज्या अ‍ॅपर्चरला काढायचा त्यालाच फोकस घेतात, म्हणजे शिफ्टही बऱ्यापैकी आटोक्यात. मुंडावळ्या अजूनही अधूनमधून फसवतात. आणि दोन माणसं असली की कॅमेरा एकच डोळा धरणार, दुसऱ्याचं काय? त्यावर उपाय तंत्राचा नाही, तोंडानं सांगण्याचा आहे.

फोटोग्राफर: "ताई, हनुवटी थोडी खाली घ्या. नवरदेव, अर्धं पाऊल पुढे. अजून थोडं... बस्स."

निवेदन:

दोघांचे डोळे एका पातळीत आले, अ‍ॅपर्चर २.८ वर गेलं, दोघंही शार्प.

तरीही लेन्सवर संशय असेल, तर सर्व्हिसला टाकण्याआधी घरी बघून घ्या. ट्रायपॉड, तिरकी फूटपट्टी, भरपूर उजेड. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहापट मोठं करून हातानं फोकस घ्या आणि एक फोटो काढा, मग तोच व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसनं. पहिला स्वच्छ आणि दुसरा घसरलेला असेल, तर काच ठीक आहे, जुळणी बिघडली आहे. मग एखाद्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा सरळ लावून एफ ४ वर चारही कोपरे बघा. तीन कोपरे चांगले आणि एकच धुरकट दिसला, तर आतली काच तिरकी बसलेली असण्याची शक्यता आहे, आणि ते काम घरचं नाही. दुरुस्तीला देताना मात्र लेन्स एकटी देऊ नका. बॉडीही सोबत द्या, नाहीतर जुळणी दुसऱ्याच कॅमेऱ्यावर होऊन परत येईल.