वेणी कुणाच्या हातची

नमस्कार श्रोतेहो.

हे ऐकताना तुमच्यातल्या निदान चारजणींच्या तोंडात आत्ता आकडे असतील. एका हातानं अंबाडा धरलेला, दुसऱ्या हातानं सुटलेली बट चाचपायची, आणि आकडे दातात. असू देत. सावकाश खोचा, मी बोलते.

बायकांच्या केशरचनांवर बोला असं सांगितलं की नट्यांची यादी आपोआप डोळ्यांपुढे येते. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण मला आधीपासून कुतूहल आहे ते एका साध्या गोष्टीचं. वेणी घातली कुणी?

माझ्या आजीचं लहानपण वाईतल्या एका वाड्यात गेलं. तिची फणेरपेटी मी पाहिलेली आहे. झाकण उघडून तिरकं उभं केलं की त्यात आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. दुपारची भांडी झाली की वाड्यातल्या बायका ओसरीवर एकीमागे एक बसायच्या. प्रत्येकीच्या हातात पुढचीचे केस. स्वतःची वेणी स्वतः घालणं म्हणजे घरात कुणी विचारणारं नाही, असाच अर्थ निघायचा. भोंडल्याच्या गाण्यातली ती सून आठवा, माहेरी जायला मिळावं म्हणून घरभर विचारत फिरणारी. शेवटी होकार मिळतो तेव्हा आधी फणी येते, वेणी घातली जाते, मगच ती निघते.

मोठ्या बायकांचा खोपा. केस मागे ओढून, पीळ देऊन बसवलेली घट्ट गाठ. पाखराच्या घरट्यालाही आपण खोपाच म्हणतो. सणासुदीला त्यावर दागिने: मूद, राखडी, अग्रफूल. केस विरळ असतील तर गंगावन. विंचरताना गळालेले केस बोटाभोवती गुंडाळून गुंतवळ भिंतीतल्या फटीत खोचून ठेवायची, बरंच साठलं की त्याचं गंगावन. म्हणजे आपलेच गेलेले केस परत आपल्याच डोक्यावर. आता त्याच गुंतवळावर दारोदार फुगे आणि भांडी देणारे फिरतात. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं आधी भाव विचारला असता.

आजीच्या घरात सगळ्या मुलींच्या वेण्या घालायची ती तिची आत्या. अंगावर विधवेचं लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या हातची वेणी रात्रीपर्यंत सुटायची नाही, इतकी घट्ट. आणि मधूनमधून मागल्या दारी न्हावी यायचा, तो तिच्यासाठी. आजी हे सांगायची तेव्हा आवाज अजिबात चढवायची नाही. पाच मुलींचे केस विंचरून झाले की आत्या फणी स्वच्छ पुसून पेटीत ठेवायची, एवढंच सांगायची आणि थांबायची.

हा विषय केशरचनांच्या गप्पांत कुणी काढत नाही. मला वाटतं, काढायला हवा. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानंच तो खाली ठेवायचा! त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं होतं. रमाबाईंचा फोटो पाहा. कानापाशी आखूड कापलेले केस, नजर थेट. बॉबकट म्हटला की आपण मडमांकडे बोट दाखवतो, आणि हा फोटो विसरतो. अर्थात आजीच्या वाड्यापर्यंत यातलं काही पोचायला फार वर्षं लागली.

आता आईच्या पिढीकडे येते. दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनीची फुलं, तेल इतकं की पुस्तकाच्या पानाला डाग पडावा. यावर जास्त बोलत नाही, तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी ते भोगलंय.

आणि मग साधना.

१९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला. साधनाचं कपाळ रुंद, कॅमेऱ्यात ते जास्तच दिसायचं. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना ऑड्री हेपबर्नच्या कपाळावर येणारे केस आठवले आणि त्यांनी साधनालाही तसेच कापून घ्यायला सांगितलं. एक अडचण झाकायला केलेली ती युक्ती. पण देशभरातल्या ज्या मुलींची कपाळं अगदी बेताची होती, त्यांनीही कात्री उचलली.

माझ्या आईनंही उचलली. वय चौदा. शिवणाची मोठी कात्री, खिडकीच्या गजाला टेकवलेला आरसा. केस ओले करून कापले. ओले केस लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भुवयांपर्यंत यायचे ते अर्ध्या कपाळावर येऊन उभे राहिले, ब्रशसारखे. आजी स्वयंपाकघरातून आली, एकदा पाहिलं, आणि एक शब्द न बोलता खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली. पुढचे कित्येक महिने ते केस तेल लावून, चापून, दोन्ही बाजूंना काळ्या पिना मारून मागे बसवलेले होते. आईचा त्या वर्षीचा शाळेचा फोटो आहे. कपाळ नुसतं चकाकतंय.

साठच्या दशकाच्या मध्यापासून केस वर वर चढत गेले. शर्मिला टागोर, आशा पारेख, सायरा बानू, सगळ्यांच्या डोक्यावर डोंगर. आपल्याकडे त्याला ‘फुगा काढणं’ म्हणायचे. उलटा कंगवा फिरवून आतले केस पिंजायचे, वरून एक थर गुळगुळीत बसवायचा. आईच्या मैत्रिणीनं आत नायलॉनचा मोजा कोंबला होता आणि हळदीकुंकवाला वाकून नमस्कार करताना तो बाहेर आला. फुगा सोडवायला रात्री अर्धा तास लागायचा आणि त्यात केस मुठी-मुठीनं जायचे. दिसायला तो सुंदर होता, पण माझं मत विचाराल तर सगळ्यांत निर्दय केशरचना तीच.

सत्तरीत केस कापणं घराघरांत आलं. इंदिरा गांधींचे आखूड केस आणि त्यातली ती पांढरी बट व्यंगचित्रकारांना दोन रेघांत काढता यायची. तरी घरच्या मुलीनं बॉबकट मागितला की ‘लग्नानंतर काय ते कर’ हेच उत्तर. लग्नानंतर पुन्हा सासूला विचारायचं. फिरून फिरून भोंडलाच.

खरा बदल घडला तो माझ्या मते सकाळच्या लोकलमध्ये. आठ-वीसच्या डब्यात पदर, पर्स, डबा सांभाळत स्वतःची वेणी स्वतः घालणाऱ्या बायका मी कॉलेजला जाताना रोज पाहायचे. गाडीच्या धक्क्याला पेड सुटू न देणं हे कौशल्य आहे. पुढे तर तेवढाही वेळ उरला नाही, आणि क्लचर आला. फेरीवाल्या बाईच्या हातातल्या पुठ्ठ्यावर ओळीनं लावलेले, काळे, तपकिरी, एखादा चमकीचा. केस गोळा करा, एक पीळ, वर दाबून खटकन लावा. चार सेकंद. यावर कुठल्याही नटीचं नाव नाही, म्हणून त्याची दशकांच्या यादीत नोंद नाही. पण एवढ्या बायकांनी एवढी वर्षं दुसरी कुठलीच केशरचना केली नसेल.

खोपा मात्र परत आलाय. लग्नसराईत पार्लरमध्ये जा. आत स्पंजचा डोनट, वर स्प्रे, त्यावर मोगऱ्याचा गजरा, कधी गोव्याकडून आलेला अबोलीचा वळेसर. दोन मुली दोन बाजूंनी एकीच्याच केसांत गुंतलेल्या. ओसरीवरची रांग पैसे देऊन परत मांडल्यासारखी.

आईला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. तिचा अंबाडा सुपारीएवढा उरला होता, पण घालायची तीच. गेल्या पावसाळ्यात खांदा आखडला आणि हात मागे जाईना. महिनाभर मी घालत होते. रोज एकच वाक्य, ‘अगं, ओढू नकोस.’ शेवटी तीच म्हणाली, चल, कापून टाकू.

पार्लरमधल्या मुलीनं खुर्ची खाली घेतली, गळ्याभोवती कापड बांधलं आणि विचारलं, ‘आजी, कसे कापू? बॉयकट करू का, सोपा पडेल.’

आईनं आरशात स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन बोटं आडवी करून भुवयांच्या जरा वर धरली.

‘मागून कर कसेही,’ ती म्हणाली. ‘पुढचे इथपर्यंत ठेव. आणि वाळवून काप हं.’

नमस्कार.