बारीक आवाजातलं भाषण

४ मार्च १८०१. वॉशिंग्टन अजून नावालाच शहर आहे. कॅपिटलची, म्हणजे संसदेची, इमारत अर्धवट. फक्त उत्तरेकडची बाजू उभी राहिलेली. दुपारच्या सुमारास जवळच्याच एका खानावळीतून साध्या कपड्यांतला एक उंच माणूस बाहेर पडतो आणि सोबतच्यांबरोबर पायीच निघतो. ना बग्गी, ना कमरेला तलवार. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन शपथ घ्यायला चाललेत.

मावळते अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स पहाटे चारलाच शहर सोडून गेलेत. निवडणूकच तशी कडवट झाली होती. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना सारखीच, ७३-७३ मतं पडली. मग प्रतिनिधीगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे निकाल लागला.

सिनेटचं दालन खचाखच भरलंय. पण जेफरसन यांचा आवाज इतका बारीक, की पुढे बसलेल्यांपलीकडे तो पोचतच नाही. बहुतेकांना हे भाषण कळलं ते छापून आल्यावर.

‘आपण सगळे रिपब्लिकन, आपण सगळे फेडरलिस्ट’ हे त्यातलं वाक्य गाजलं. रिपब्लिकन हा जेफरसन यांचा पक्ष, फेडरलिस्ट हा अ‍ॅडम्स यांचा. मला मात्र त्याच्या आधीचं वाक्य मोठं वाटतं. बहुमताचंच चालणार, ते म्हणाले, पण बहुमत न्याय्य ठरायचं तर ते विवेकी हवं. अल्पमतातल्यांचेही हक्क तेवढेच, आणि ते मोडणं म्हणजे जुलूम.

हे कोण म्हणतंय? नुकताच जिंकलेला माणूस! फेडरलिस्टांनी केलेल्या १७९८च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली, सरकारवर टीका केली म्हणून, त्यांच्याच बाजूचे संपादक तुरुंगात गेले होते. तो कायदा आदल्याच दिवशी संपला होता. उट्टं काढायची संधी समोर होती. पण जेफरसन म्हणाले, संघराज्य मोडू पाहणारा कुणी असेल, तर त्यालाही धक्का लावू नका. चुकीच्या मताशी लढायला मोकळी बुद्धी पुरेशी आहे. पुढे त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना त्यांनी माफीही दिली.

याच भाषणात सर्वांना समान न्यायाचं वचन आहे. आणि ज्या कॅपिटलमध्ये ते दिलं गेलं, तिच्या बांधकामावर गुलाम राबले होते. खुद्द जेफरसन यांनी आयुष्यभरात ६००हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्या ‘सर्वां’मध्ये ही माणसं नव्हती. ही गोष्ट मनाला लागते, आणि लागायलाच हवी.

शपथ दिली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी. ते पक्के फेडरलिस्ट, जेफरसन यांचे विरोधक. त्या सकाळी ते आपल्या पक्षाच्या चार्ल्स पिंकनी यांना पत्र लिहीत होते. नव्या सत्ताधाऱ्यांबद्दलची धास्ती त्यात उतरली होती. पत्र अर्धवट ठेवून ते शपथ द्यायला गेले. दुपारी चारला परत लिहायला बसले, आणि भाषणाबद्दल त्यांनी लिहिलं: एकंदरीत विचारपूर्वक केलेलं आणि सलोख्याचं.