बोली सांभाळणाऱ्याची

नमस्कार, श्रोतेहो.

आम्ही चार-पाच जण दर रविवारी सकाळी सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या एका हॉटेलात चहाला जमतो. बोलणं बहुतेक वेळा कादंबऱ्यांचं, त्यातही अद्भुतरम्य. राजे, ड्रॅगन आणि आपले खरे आईबाप कोण हे ठाऊक नसलेला एक पोरगा. मागे त्या पोरावरूनच जुंपली. मेंढपाळांत वाढलेला मुलगा जन्माचं गुपित फुटताच दरबारी थाटात बोलू लागतो, हे मला पटत नाही, असं मी म्हटलं. माझा मित्र उसळला, "रक्तच आहे ते बे, बोलणारच की!"

हा मित्र मराठी घरातला. आईवडील दोघंही गिरणीत, पाळ्या वेगवेगळ्या. म्हणून तो वाढला शेजारच्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली अव्वाच्या, म्हणजे आजीच्या, ओसरीवर. अव्वा विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि तंबाखू, आणि सुपाला टेकून हा. भूक लागली की घरी येऊनही 'बुव्वा' मागायचा, असं त्याची आई सांगते.

माझं म्हणणं साधं आहे. चेहरामोहरा आईबापांचा येतो, बोली मात्र सांभाळणाऱ्याची येते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या २०१२ सालच्या दुसऱ्या पर्वात आर्या ही सरदारकन्या ओळख लपवून शत्रूच्या, टायविन लॅनिस्टरच्या, पदरी राबते. अंगावर मळके कपडे, हातात सुरई. पण ती 'माय लॉर्ड' असं पूर्ण म्हणते. टायविन तिला तिथेच पकडतो, गरिबाघरच्या मुली 'म्लॉर्ड' म्हणतात! कपडे बदलता आले, वाड्यात घडलेली जीभ बदलता आली नाही.

याच कथेतला जॉन स्नो. ही मालिका बघायची ज्यांनी राखून ठेवली असेल, त्यांनी क्षमा करावी. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं. जॉन हा आर्याच्या वडिलांचा, नेडचा, मुलगा नसून नेडच्या बहिणीचा, लियानाचा, हे वाचकांनी फार लवकर ताडलं. पडद्यावर ते २०१६ साली उघड झालं, छापील पुस्तकांत आजही स्पष्ट सांगितलेलं नाही. मग ताडलं कशावरून? नेडच्या बोलण्यावरून. चारचौघांत तो जॉनला मुलगा म्हणतो, पण बायकोने खोदून विचारलं तेव्हा म्हणतो, तो माझ्या रक्ताचा आहे, तुला एवढंच पुरे. खोटं नाही, आणि पूर्ण खरंही नाही. माझ्या मते लेखकाचं खरं कसब इथे आहे. गुपित त्याने पोराच्या रूपात ठेवलं नाही, ते जपणाऱ्याच्या तोंडी ठेवलं.

आपल्याकडे हे आधीच घडून गेलंय. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्म सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण काय म्हणतो? मला पाहून राधेला पान्हा फुटला, माझी शी-शू तिने काढली, तिचा पिंड मी कसा तोडू? युद्ध संपल्यावर कुंती तोंड उघडते, तेव्हा युधिष्ठिराला द्यूतसभा आठवते. कर्ण कडू बोलत होता, राग येत होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग ओसरायचा. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. मला ही जागा वाचताना दर वेळी गलबलून येतं. बोल दुर्योधनाच्या संगतीचे, पाय आईचे, आणि धाकटा भाऊ समोर बसून दोन्ही बघतोय, त्याला काहीच उमगत नाही.

मागच्या रविवारी मित्र पहिलं पुस्तकच घेऊन आला. नेडच्या प्रकरणात खूण घातलेली. एका परक्या पोराचा जीव की आपली मुलं, असा पेच पडला तर आपण काय करू, हे नेड मनाशी विचारतो आणि मुलांची नावं घेतो. मित्राने ते वाक्य आम्हाला वाचून दाखवलं. मग पुस्तक मांडीवर पालथं ठेवून एकेक नाव घेत तो बोटं मिटत गेला. रॉब, सान्सा, आर्या, ब्रॅन, रिकॉन. जॉन नाही. खात्रीसाठी त्याने पुन्हा मोजलं, या वेळी पुटपुटत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू.